दाराआडची यादी

कार्ड टेकवलं, बीप वाजलं, दार सुटलं. ॲक्सेस कंट्रोल नावाची जी यंत्रणा आज आयटी पार्कपासून बँकेच्या तिजोरीघरापर्यंत आणि इस्पितळाच्या औषधकोठीपासून पन्नास फ्लॅटच्या सोसायटीपर्यंत पोचली आहे, तिचा आपल्याला दिसणारा भाग इतकाच. विकत घेणाराही तेवढंच पाहून घेतो: रीडर दिसतो कसा, चेहरा किती झटकन ओळखतो, कुलूप किती किलोंची ओढ सोसतं. खरं तर या सगळ्या मांडणीत कुलूप हा सर्वांत साधा भाग. काम करते ती एक यादी: कोण, कुठल्या दारातून, कुठल्या वारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. पूर्वी दार उघडायचं की नाही हे ज्याच्या कमरेला किल्ली तो ठरवायचा, किंवा दारावरचा पहारेकरी. आता ते यादी ठरवते. आणि अडचण अशी, की सुरक्षेवरचा आपला बहुतेक खर्च दारावर होतो, तिची बहुतेक दुखणी मात्र यादीत असतात.

एक दार जवळून पाहू. चौकटीच्या वरच्या पट्टीला वीतभराहून लांब ॲल्युमिनियमची पेटी बसवलेली असते, तिच्या पोटात विद्युतचुंबक. समोर दारावर लोखंडी पट्टी, मुद्दाम जराशी हलती ठेवलेली, कारण ती आवळून टाकली तर चुंबकाला सपाट चिकटत नाही आणि पकड ढिली पडते. बाजारात याला ईएम लॉक म्हणतात. सर्रास मिळतं ते सहाशे पौंडांचं, म्हणजे सुमारे २७० किलोंची ओढ सोसणारं. भारी दारांना बाराशेचं. वीज आहे तोवर दार बंद, वीज तुटली की मोकळं. बाहेरच्या भिंतीवर रीडर, आत एक्झिट स्विच, त्याच्याशेजारी आणीबाणीची हिरवी पेटी, चौकटीत लपवलेला डोअर सेन्सर. रीडरला आपण समजतो तेवढी अक्कल नसते. तो फक्त नंबर वाचतो आणि फॉल्स सीलिंगवर किंवा इलेक्ट्रिकल डक्टमध्ये बसवलेल्या कंट्रोलरकडे धाडतो. कंट्रोलरपाशी यादीची स्वतःची प्रत आणि १२ व्होल्टची बॅटरी असते. म्हणून सर्व्हर झोपला, नेटवर्क गेलं, तरी चांगल्या यंत्रणेचं दार आपल्या माणसाला ओळखतं, येण्याजाण्याच्या नोंदी जपून ठेवतं आणि सर्व्हर जागा झाला की त्याच्या हवाली करतं. स्वस्तातल्या मशीनमध्ये रीडर आणि कंट्रोलर एकाच डब्यात, आणि तो डबा दाराबाहेर. भिंतीवरून डबा उचकटला की कुलपाची वायर थेट हातात येते. किमतीतला खरा फरक इथे आहे. स्क्रीनच्या चकाकीचे पैसे मोजणारे त्याबद्दल विचारत नाहीत.

कार्डांचा इतिहास यंत्रणेच्या बाजूने फारशी साक्ष देत नाही. रेडिओलहरींनी ओळख पटवून दार उघडण्याच्या कल्पनेचं पेटंट चार्ल्स वॉल्टन या अमेरिकी संशोधकाने १९७३ मध्ये मिळवलं. पुढे रीडर आणि कंट्रोलर यांच्या बोलण्याची जी रीत रूढ झाली, तिला जॉन वीगंड यांचं नाव आहे. त्यांच्या खास तारेचे तुकडे पुरलेली कार्डं केव्हाच मागे पडली, रीत मात्र टिकली. हिरवी वायर शून्यासाठी, पांढरी एकसाठी, एकूण २६ बिट. त्यांतले दोन पडताळणीचे, आठ जागेच्या संकेतांकाचे, सोळा कार्डाच्या क्रमांकाचे. म्हणजे संकेतांक २५६ आणि प्रत्येकाखाली कार्डं ६५,५३६. एवढ्यात जगभरच्या दारांचं भागणार कसं? भागत नाहीच; एकाच नंबराची दोन कार्डं दोन गावांत खुशाल नांदू शकतात. शिवाय या वायरीवरून नंबर उघडाबोडका जातो. २००७ मध्ये डेफकॉन या हॅकरांच्या संमेलनात झॅक फ्रँकेन यांनी रीडरमागच्या वायरींना एक चिमुकलं यंत्र जोडून ही वाट कशी मारता येते ते दाखवलं. त्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनमध्ये कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी मायफेअर क्लासिक या जगभर खपलेल्या कार्डाची गुप्तलिपी उलगडल्याचं जाहीर केलं. २००८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठाचा त्यावरचा निबंध अडवायला उत्पादक एनएक्सपी कंपनी कोर्टात गेली. डच न्यायालयाने निबंध छापू दिला. वायरीवरचा उतारा म्हणून ओएसडीपी ही दुतर्फा आणि गुप्तलिपीतली भाषा आली आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. तरी नव्या बांधकामांतही वीगंडच्याच वायरी ओढल्या जातात, कारण त्या जोडण्याचा हात प्रत्येक तंत्रज्ञाला बसलेला आहे.

मग इथे कोणीही म्हणेल, कार्डाची नक्कल होते, वायर ऐकता येते, तर यादी घेऊन काय करायचं? आक्षेप खरा आहे, पण अर्धा. नक्कल करायला उपकरण, कसब आणि हेतू तिन्ही लागतात. सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडलेल्या माणसाचं चालू राहिलेलं कार्ड वापरायला यांतलं काहीही लागत नाही. किल्लीच्या जमान्यात एक किल्ली हरवली तर कुलूप बदलावं लागे आणि उरलेल्या प्रत्येकाला नवी किल्ली द्यावी लागे. यादीच्या जमान्यात एक ओळ खोडली की पुरतं. संगणकीकरणाचा सर्वांत मोठा फायदा हाच, आणि नेमकी तीच ओळ खोडायची राहून जाते. राजीनामा एचआरकडे येतो, कार्डांची यादी ॲडमिनकडे असते, कंत्राटी कामगारांची नावं ठेकेदाराच्या डायरीत. तिघांचं बोलणं महिन्यातून एकदाही होत नाही. गुप्तलिपी कितीही भक्कम आणली तरी ती जे कार्ड चालू आहे त्याचीच राखण करणार.

यादी नेटकी असेल तर तिच्याकडून काय काय करून घेता येतं, हे मात्र पाहण्यासारखं आहे. वेळेचे पट्टे ठरवता येतात: सफाई कामगाराचं कार्ड सकाळी सहा ते नऊ चालेल, दुपारी नाही. रोकड मोजायच्या खोलीला दोन कार्डं लागोपाठ लागतील असा नियम घालता येतो. बँकांत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे विभागून ठेवायची जुनी शिस्त आहे, तिचाच हा अवतार. एकामागे एक दोन दारं असतील तर पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. दार वाजवीपेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं, किंवा कार्डाविना उघडलं गेलं, तर दोन वेगळे इशारे मिळतात. सर्वांत हुशार नियम अँटी-पासबॅकचा: जो आत गेल्याची नोंद आहे, तो बाहेर आल्याची नोंद होईपर्यंत पुन्हा आत जाऊ शकत नाही, म्हणजे कार्ड मागच्या माणसाच्या हाती सरकवायची सोय संपली. कागदावर झकास. प्रत्यक्षात जेवणाच्या सुट्टीत एकाच्या कार्डावर चौघे बाहेर पडतात, आणि परतताना तिघांना यादी म्हणते, तुम्ही तर आतच आहात. आठवड्याभरात तक्रारी एवढ्या येतात की नियम बंद केला जातो, आणि निविदेत मात्र ते वैशिष्ट्य कायमचं टिकमार्क मिरवत राहतं. फ्लॅप बॅरियर बसवून दारं अरुंद केल्याखेरीज किंवा लोकांना सवय लावल्याखेरीज हा नियम जगत नाही.

यादी कुठे ठेवली आहे यावर किती अवलंबून असतं, हे हॉटेलांच्या कुलपांनी दाखवलं. हॉटेलातल्या खोलीच्या कुलपाला बहुधा मध्यवर्ती यंत्रणेशी जोडणारी वायर नसते; त्याला यादी कळतच नाही. कुठली खोली, कुठल्या तारखेपर्यंत, हे काउंटरवर कार्डातच लिहून देतात आणि कुलूप त्यावर विश्वास ठेवतं. मार्च २०२४ मध्ये सॅफ्लॉक जातीच्या कुलपांमधला दोष संशोधकांनी उघड केला: त्या हॉटेलचं कुठलंही एक कार्ड, अगदी मुदत संपलेलंसुद्धा, हाती आलं तर त्यावरून तिथलं प्रत्येक दार उघडणारी कार्डांची जोडी बनवता येत होती. अशी कुलपं १३१ देशांत, तीस लाखांच्या वर. दोष त्यांना २०२२ मध्येच सापडला होता आणि कंपनीला कळवलाही होता. पण दुरुस्ती म्हणजे एकेका दारापाशी जाऊन कुलूप अद्ययावत करणं, कार्डं बदलणं, काउंटरवरचं सॉफ्टवेअर बदलणं. बातमी फुटेपर्यंत जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त कुलपं दुरुस्त झाली होती.

उलट टोकही धोक्याचं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचं सगळं जाळं काही तासांसाठी इंटरनेटवरून नाहीसं झालं, तेव्हा कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं दाराशी चालेनात अशा बातम्या आल्या. बिघाड दुरुस्त करायला निघालेल्या अभियंत्यांना डेटा सेंटरच्या कडेकोट बंदोबस्तातून आत जायलाच जास्त वेळ लागला, हे कंपनीने नंतर स्वतः लिहिलं. आत जाता न येणं ही निदान गैरसोय. बाहेर पडता न येणं हा मृत्यू. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसं गेली, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या आणि दारं बंद होती म्हणून. तिथे संगणक नव्हता, पण धडा यंत्रालाही लागू आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेचा चौथा भाग सांगतो, की सुटकेचं दार आतल्या बाजूने किल्लीविना उघडलं पाहिजे. आज कार्ड हीच किल्ली आहे. म्हणून हिरवी पेटी दाबताच कुलपाची वीज थेट तुटली पाहिजे, कंट्रोलरच्या परवानगीवाचून. आग लागल्याचा इशारा देणाऱ्या पॅनलची वायरही अशीच थेट हवी. यादीचा अधिकार आत येताना चालावा, जीव घेऊन पळणाऱ्यावर नाही. गंमत म्हणजे आगीच्या वेळी आत किती माणसं अडकली हे सांगणारा अहवाल यादीच देऊ शकते, आणि एकाच्या कार्डावर चौघे शिरले असतील तर तो अहवाल खोटा असतो. अग्निशमन दलाच्या हाती खोटा आकडा देण्यापेक्षा कोरा कागद बरा.

एवढ्या कटकटीपेक्षा वॉचमन बरा, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वॉचमन चेहऱ्यावरची घाई ओळखतो, पावसात भिजलेल्या म्हाताऱ्याला आत घेतो. पण तो साहेबाच्या आवाजाला दबतोही, आणि ओळखीच्या चेहऱ्याला कधी काढून टाकलं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्याच्या रजिस्टरात अगम्य अक्षरात नाव आणि ‘कामानिमित्त’ एवढीच नोंद. दोघांची कामं वेगळी आहेत: यादीने नेहमीचे लोक निस्तरावेत, माणसाने यादीबाहेरचे. आपण खर्च वाचवायला माणूस काढून यंत्र लावतो, आणि मग यादीबाहेरच्याला दाद मागायला दारावर कोणी उरत नाही.

बोट किंवा चेहरा आला की प्रश्न मिटला, असंही सांगितलं जातं. कार्ड उसनं देता येतं, बोट नाही, हे कबूल. पण मजुरी करून झिजलेलं बोट मशीनला पटत नाही, हे बांधकामावरच्या हजेरीत रोज दिसतं. मार्च २०२० मध्ये साथीच्या भीतीने सरकारी कार्यालयांतली अंगठ्याची हजेरी एका आदेशासरशी थांबवावी लागली. शिवाय चोरीला गेलेलं कार्ड रद्द करता येतं, बोट रद्द करता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बायोस्टार २ या दारांच्या यंत्रणेची माहिती, बोटांच्या ठशांसकट, इंटरनेटवर असुरक्षित पडलेली संशोधकांना सापडली होती. आणि सगळं सुरळीत चाललं तरी चेहरा सांगतो तो फक्त कोण. त्याला सोडायचं का, हे पुन्हा यादीतच पाहावं लागतं.

मग ती यादी कोणाची? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे यंत्र सुरक्षेसाठी घेतलंच जात नाही, हजेरीसाठी घेतलं जातं. दाराची नोंद पगारपत्रकाला जोडली की कोण किती मिनिटं उशिरा आला हे सगळे पाहतात, रात्री अडीचला सर्व्हर रूमचं दार कोणी उघडलं हे कोणी पाहत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा काम संपलेली माहिती पुसायला सांगतो, पण नोकरीच्या कारणांसाठी माहिती वापरायला कर्मचाऱ्याच्या संमतीची अट त्यात नाही. सोसायट्यांत आणखी विचित्र प्रकार: फ्लॅटमालकाच्या येण्याजाण्याची नोंद नको असते, त्याच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मिनिटामिनिटाची हवी असते. आणि ॲडमिनचा पासवर्ड कोणाकडे, तर बहुतेकदा मशीन बसवून गेलेल्या, देखभालीचं वार्षिक कंत्राट घेतलेल्या एएमसीवाल्याकडे.

२०२५ पासून मुंबईत मंत्रालयाच्या दारात चेहरा ओळखणारी यंत्रणा आली, अभ्यागतांसाठी ‘डीजी प्रवेश’ ॲप आलं, स्मार्टफोन नसलेल्यांसाठी वेगळी खिडकी ठेवावी लागली. ज्या विभागात काम असेल तिथवरच प्रवेश, ही त्यामागची कल्पना. सुरक्षेच्या हिशेबाने ती चुकीची नाही. एवढ्या गर्दीच्या इमारतीत दिवसाअखेर कोण आत आहे हे माहीत असलंच पाहिजे. पण कंपनीच्या यादीत ज्याचं नाव नाही तो परका, असा नियम इथे लावता येत नाही. गडचिरोलीहून फाइलचा माग काढत आलेला माणूस यादीत नसेल, तरी इमारत त्याचीही आहे. एका विभागातून दुसऱ्या विभागात जा म्हणून सांगितलं जाणं हे सरकारी कामाचं नित्याचं रूप, आणि यादीला ते सकाळी माहीत नसतं. कंपनीच्या दारात अडलेला माणूस एचआरला फोन लावतो. इथे अडलेल्याने कोणाला लावायचा, त्या माणसाला यादीत ओळ घालायचा अधिकार असेल का, आणि त्याने ती किती वेळात घालायची, हे कॅमेऱ्यांच्या दर्जाइतक्याच तपशिलाने निविदेत लिहिलेलं असायला हवं.