बोट लागते, गाडी लागते, वेटिंग लागतं

देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरचं देऊळ अगदी दर्यावर आहे. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते, गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रात तीर्थस्नानाला येतात, आणि त्याच्या दोनेक महिने आधी मुंबईतल्या चाकरमान्यांच्या घरात एकच विषय असतो : यंदा जायचं कसं? पूर्वी ही चर्चा गिरणगावातल्या खोल्यांत चालायची, आता दिवा-नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये चालते. गेल्या पाऊणशे वर्षांत उत्तर मात्र पुन्हा पुन्हा बदललं.

पहिलं उत्तर बोटीचं. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरं घेत देवगडला यायची. डेकवर वळकटी पसरायची, शेजाऱ्याच्या ट्रंकेला उशी करायची आणि ज्याला बोट लागेल त्याला कठड्याशी नेऊन बसवायचं. या जत्रेचं नशीब असं, की ती माघात येते. तेव्हा दर्या शांत असतो. गणपतीला बोटीचा काही उपयोग नसे, कारण पावसाळ्यात कोकणची लांब पल्ल्याची वाहतूक बंद. भर पावसाळ्यात, १७ जुलै १९४७ रोजी, मुंबईहून जवळच्याच रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. 

बोट बंदरात आली म्हणजे प्रवास संपला असं नव्हतं. ती खोल पाण्यात उभी राहायची. तिथून पडावात उतरायचं, बायकापोरांना आणि गाठोड्यांना हातोहात खाली घ्यायचं, मग किनारा. पुढची वाट बैलगाडीची किंवा पायांची. मुंबई ते देवगड एवढं अंतर बोट बसल्या जागी काटायची; माणसाची कसोटी लागायची ती शेवटच्या टप्प्यात.

हा शेवटचा टप्पा पहिल्यांदा ओळखला तो यष्टीनं. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत लाल गाडी कोकणातल्या वाडीवस्तीपर्यंत गेली. मुंबईहून देवगडला रात्रभराचा प्रवास. कशेडीचा घाट, परशुरामचा घाट, खिडकीशी लिंबू धरून बसलेली मुलं. बोट लागायची ती गेली, गाडी लागायला लागली. पण सकाळी यष्टी गावच्या तिठ्यावर उतरवायची. जत्रेला आसपासच्या आगारांतून जादा गाड्या सुटायच्या, आजही सुटतात. बोट हळूहळू मागे पडली आणि मग बंदच झाली.

मग रेल्वे आली. बॅ. नाथ पै, मधू दंडवते यांनी ती मागणी लावून धरली होती. १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं, ई. श्रीधरन यांनी काम हाती घेतलं. टप्प्याटप्प्यानं गाड्या सुरू होत २६ जानेवारी १९९८ला रोहा ते मंगळूर हा सारा मार्ग खुला झाला. ७४१ किलोमीटरचा. रेल्वे कुणाला लागत नाही, म्हाताऱ्यांना पाय पसरता येतात, घाट नाहीत. लागतं ते वेटिंग. आधी आरक्षण १२० दिवस अगोदर उघडायचं, नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवस अगोदर उघडतं. चाकरमान्याची बोटं त्या दिवशी सकाळी आठला मोबाइलवर तयारच असतात. आणि नाव कोकण रेल्वे असलं तरी सिंधुदुर्गात ती समुद्रापासून बरीच आत धावते. नांदगावला किंवा कणकवलीला उतरलं की दर्या अजून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब. म्हणजे पुन्हा यष्टीच!

अलीकडे दोन पर्याय वाढले. एक स्वतःची गाडी. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणानं एका पिढीचा संयम पाहिला. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन यष्ट्या पुरात गेल्या, तेही याच रस्त्यावर. अनेकजण आजही पुणे-कोल्हापूरवरून लांबचा वळसा घेतात आणि फोंडा किंवा गगनबावड्याहून खाली उतरतात. दुसरा पर्याय विमानाचा. ९ ऑक्टोबर २०२१ला चिपी विमानतळाचं उद्‌घाटन झालं. पण चिपी वेंगुर्ल्याच्या बाजूला. तिथून कुणकेश्वर गाठायला पुन्हा मालवण ओलांडून यावं लागतं.

हे सगळं पाहिलं तर एक गोष्ट दिसते. यष्टी सोडली तर प्रत्येक नव्या वाहनानं मुंबईकडचं अंतर कमी केलं, गावाकडचं मात्र जिथल्या तिथे ठेवलं. देवस्वाऱ्यांना हा पेच नाही. त्या आपल्या वेशीपासून निघतात आणि चालत थेट दर्यावर येतात.

आपल्यासारख्यांनी काय करावं? रात्रीच्या रेल्वेनं कणकवली, तिथून यष्टीनं देवगड, आणि पुढे जत्रेची जादा गाडी. बरोबर म्हातारं माणूस असेल तर दुसरा विचारच नको. स्वतःची गाडी न्यायची तर जत्रेच्या दोन दिवस आधी पोचा, नाहीतर ती लांबवर उभी करून चालावं लागेल. आणि परतीचं तिकीट आधी काढा. जत्रेला माणसं आपापल्या सवडीनं निघतात. परतायचं मात्र सगळ्यांना एकाच रात्री असतं.