जमीन कुणाची, शाळा कुणाची?

लॉकडाऊनमध्ये मुलांच्या हाती मोबाईल देऊन आपण शाळा भरवली. मुले ऐकत होती, पण त्यांना स्वतः करून पाहायला फारसे काही नव्हते. ही उणीव आभासी जगातल्या शिक्षणात भरून निघू शकते. पण त्यात एक मेख आहे, ती पालकांनी समजून घ्यावी असे आम्हाला वाटते.

आभासी जग म्हणजे पडद्यावर उभे केलेले गाव. तिथे आपण एका बाहुल्याच्या रूपाने फिरतो, बोलतो, घरे बांधतो. अमेरिकेतील लिंडन लॅब कंपनीने २००३ मध्ये 'सेकंड लाइफ' नावाचे असे जग सुरू केले. फिरायला पैसे पडत नाहीत, मात्र स्वतःची मोठी जागा हवी असेल तर दरमहा शुल्क भरावे लागते.

डिसेंबर २००७ मध्ये 'इस्लामऑनलाइन' या संकेतस्थळाने तिथे हजची ठिकाणे उभारली. इहराम, तवाफ, सई, अरफात, जमरात असे अरकान क्रमाने करून पाहता येत. असे केल्याने हजचे फर्ज अदा होत नाही, हे उघडच आहे. पण अरकान पुस्तकात वाचणे वेगळे आणि एकेक पाऊल टाकत शिकणे वेगळे. बिगरमुस्लिमांनाही तिथे येऊन हज म्हणजे काय ते पाहता येत होते.

त्याच सुमारास ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी 'स्कोम पार्क' चालवले. स्कोम म्हणजे ना स्कूल, ना होम. मुले तिथे भौतिकशास्त्र, पुरातत्त्व आणि नीतिशास्त्रावर चर्चा करत, बांधकाम करत आणि आपल्या वस्तीचा कारभारही पाहत.

आता ती मेख. शाळा-विद्यापीठांना जागेच्या शुल्कात निम्मी सवलत मिळत असे. ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीने ती बंद करण्याचे जाहीर केले. खर्च एकदम दुप्पट होणार म्हणून अनेक संस्थांनी गाशा गुंडाळला. २०१३ मध्ये सवलत परत आली, पण गेलेल्या सगळ्या संस्था थोड्याच परतल्या! प्रवेश खुला होता, पण मालकी खुली नव्हती.

यावर एक उपाय २००७ पासूनच उपलब्ध आहे. 'ओपनसिम्युलेटर' ही मोफत, मुक्त प्रणाली आपल्याच संगणकावर बसवता येते. शिक्षकाने उभारलेला सगळा परिसर एका फाईलमध्ये साठवून दुसऱ्या शाळेला देता येतो. इल्म वाटल्याने वाढते, ते असे. मात्र त्यासाठी बऱ्यापैकी संगणक, चांगले इंटरनेट आणि शिकवण्याची तळमळ असलेला शिक्षक हवा. यांतले काहीच नसेल, तर ही दारेही बंदच.

म्हणून मुलाला किंवा मुलीला असा वर्ग लावताना 'फुकट आहे का?' एवढेच विचारून थांबू नका. वर्गात कोण कोण येते, शिक्षक हजर असतो का, आणि उद्या कंपनीने दुकान बंद केले तर मुलांचे काम कुणाकडे राहील, हेही विचारा. पहिले काही दिवस मुलांच्या शेजारी बसा. अम्मी-अब्बांनाही त्यातून बरेच शिकायला मिळेल.