शहापूर–मुरबाड, आठ खणांत

समजा, शहापूरहून किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडला जाणाऱ्या गाडीत गावांची नावं मराठीत दाखवणारी एक इवलीशी पाटी बसवायची आहे. मेंदू म्हणून घेऊ एटीटायनी85 ही चिप. बोटाच्या नखावर मावेल एवढी, आठ पायांची. प्रोग्रॅम ठेवायला तिच्यात 8,192 बाइट आणि चालताचालता आकडेमोड करायला फक्त 512. मोबाइलमधला एखादा फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो. तरीही पाटी होते, आणि ती कशी होते हे कळल्यावर मी हरखून गेलो.

आधी नावंच बघू. 'मुरबाड' हा शब्द संगणकाच्या दृष्टीने सहा तुकड्यांचा: म, उकार, र, ब, काना, ड. 'शहापूर'ही मोजून सहाच. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक पद्धतीच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन बाइट लागतात, म्हणजे एका नावाला अठरा. आता त्या बाइटांच्या आत डोकावा. तिघांतला पहिला आकडा कायम 224. दुसरा 164 किंवा 165, बस्स. आपल्या दोन्ही नावांत 165 येतो तो फक्त उकारापाशी. बाकी सगळीकडे तेच ते 224, 164, पुन्हा 224, 164. मराठीला लागणारी सगळी देवनागरी युनिकोडच्या 128 घरांत राहते. मग दर वेळी पूर्ण पत्ता कशाला? घर क्रमांक पुरतो. तिनाचा एक बाइट होतो, अठराचे सहा.

हे शहाणपण जुनं आहे. 1991 साली आयएस 13194 या भारतीय मानकाने, म्हणजे 'इस्की'ने, भारतीय लिपींना असाच एकेक बाइट दिला होता. पुण्याच्या सी-डॅक संस्थेची जिस्ट कार्डं त्याच वाटेने संगणकावर मराठी उमटवत. युनिकोडमधला देवनागरीचा क्रमही इस्कीच्या आधीच्या, 1988 च्या आवृत्तीवरून आला. हा लेख युनिकोडमध्ये आपल्या चिपमध्ये प्रोग्रॅमसकट मावणार नाही. एकेक बाइटाने लिहिला, तर बसून वर निम्मी जागा उरेल.

दुसरी अडचण त्या 512 बाइटांची. वेगळी सूचना दिली नाही, तर चिप सुरू होताच सगळी नावं मोठ्या साठ्यातून या छोट्या जागेत उतरवून घेतली जातात. अठरा बाइटांची अठ्ठावीस नावं म्हणजे 504 बाइट. मग बाकीचं काम करायचं कुठे? भाताच्या घरात कणगीतलं सगळं धान्य कुणी परातीत ओतत नाही, लागेल तेवढं मापट्याने काढतात. इथेही तेच. नावं साठ्यातच ठेवायची आणि एकेक अक्षर थेट तिथून वाचायचं.

वेळापत्रकाचंही तसंच. दिवसाची मिनिटं 1,440. एका बाइटात फक्त 256 आकडे मावतात. पण दहा-दहा मिनिटांचे टप्पे केले, की दिवस 144 वर संपतो आणि गाडी सुटण्याची वेळ एका बाइटात बसते. दशांशाच्या वाटेला जायचंच नाही. या चिपला गुणाकाराचीसुद्धा स्वतंत्र आज्ञा नाही. बेरजा करून आणि आकडे सरकवून ती भागवते.

माझी सगळ्यात लाडकी गंमत मात्र पडद्यावर आहे. बाजारात सहज मिळणारा, दोन ओळींचा, सोळा-सोळा अक्षरांचा एलसीडी घ्या. त्यात रोमन अक्षरं तयार असतात, देवनागरी नसते. स्वतः काढलेल्या अक्षरांसाठी खण मिळतात फक्त आठ, प्रत्येक खण पाच बाय आठ ठिपक्यांचा. मुरबाडसाठी हवेत मु, र, ब, काना, ड. पाच झाले. शहापूरसाठी श, ह, पू हे तीन नवे. काना आणि र मुरबाडकडून उसने. पाच नि तीन आठ! दोन तालुक्यांची नावं आठ खणांत काठोकाठ. 'श' जरा अंग चोरून बसतो, शिरोरेषा प्रत्येक घरापाशी तुटते, पण नाव वाचता येतं.

आता वर शहापूर, खाली सरळगाव दाखवायचं म्हटलं, की स, ळ, ग, व आले आणि नऊ खण लागले. एखादा खण पुसून पुन्हा भरावा, तर पडद्यावर जिथे जिथे तो दिसतोय तिथलं अक्षरही त्याच क्षणी बदलतं, कारण पडदा फक्त खणाचा क्रमांक लक्षात ठेवतो. इथे सुटका करतं इंग्रजी 'टी'चं मोठं अक्षर. ते तयारच आहे, खण अडवत नाही, आणि त्याचा आकार बघा: वर आडवी रेघ, मधोमध उभी. तो शिरोरेषेसकट काना आहे! नवाचे पुन्हा आठ.

अशी काटकसर या भागात जुनीच. मुरबाडच्या वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढून गेलं, की वर सातवाहनांच्या लेण्यात नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा, दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे, गायींचे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरले आहेत. तेव्हा शून्य नव्हतं, स्थानमूल्य नव्हतं, आणि जागा दगडाची. कोरणाऱ्याने चारशेसाठी वेगळी खूण शोधली नाही. शंभरच्या खुणेला चार जोडला. चार हजार लिहिताना तोच चार हजाराच्या खुणेला जोडला.