जळून गेलेल्या यंत्राचे दप्तर

मुलांनो, 'दप्तर' म्हटले की तुम्हांला पाठीवरची शाळेची पिशवी आठवते. पण या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. जुनी पत्रे, हिशोब, नकाशे, टिपणे जिथे जपून ठेवतात, त्या साठ्यालाही दप्तर म्हणतात. पुण्याच्या 'पेशवे दप्तरा'चे नाव तुमच्या आजी-आजोबांनी नक्की ऐकले असेल. आज आम्ही अशाच एका दप्तराची ओळख करून देणार आहोत. यातली गंमत अशी की ज्या वस्तूचे हे दप्तर आहे, ती वस्तू अर्ध्या तासातच जळून आणि मोडून संपली!

ही गोष्ट न्यू यॉर्कची आहे आणि थोडी आपल्या न्यू जर्सीचीही. जाँ टँगली नावाचा एक स्विस शिल्पकार १९६० साली जहाजाने न्यू यॉर्कला आला. तो दगडाची किंवा धातूची स्थिर शिल्पे करत नसे. त्याची शिल्पे म्हणजे खडखडणारी, गरगरणारी, कधी कधी स्वतःच चित्रे काढणारी यंत्रे असत. जगात काहीच स्थिर नसते, मग शिल्पाने तरी एका जागी का उभे राहावे, असे त्याचे म्हणणे होते. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या बागेत त्याला एक यंत्र उभारायचे होते. हे यंत्र सुरू व्हावे, नाचावे, वाजावे, पेटावे आणि शेवटी आपले आपणच मोडून पडावे, अशी त्याची कल्पना होती. नाव ठेवले 'होमेज टू न्यू यॉर्क', म्हणजे 'न्यू यॉर्कला मानवंदना'.

कल्पना टँगलीची होती, पण एकट्याच्या हातून होणारे हे काम नव्हते. त्याला मदतीला मिळाला बिली क्लूव्हर. हा स्वीडनमध्ये शिकलेला इंजिनीयर मरे हिल येथे बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होता. सायकलींची जुनी चाके आणि इतर भंगार त्याने न्यू जर्सीतल्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवरून जमवून दिले. त्यात एक पियानो, आंघोळीचा टब, लहान मुलांची गाडी, धातूची पिंपे, रेडिओ आणि पाकिटांवर पत्ते छापायचे जुने यंत्र यांची भर पडली. सगळे जोडून पांढरे रंगवल्यावर यंत्राची लांबी सुमारे २३ फूट आणि उंची २७ फूट झाली.

क्लूव्हरमुळेच आणखी एक कलावंत यात आला. तो म्हणजे अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग. टँगली आणि राउशेनबर्ग दोघेही १९२५ साली जन्मलेले. राउशेनबर्गने मोठ्या यंत्रासाठी एक छोटे यंत्र करून आणले, 'मनी थ्रोअर', म्हणजे पैसे उधळणारे. एका विजेच्या हीटरमध्ये बंदुकीची दारू भरलेली होती आणि स्प्रिंगांमध्ये चांदीचे डॉलर अडकवलेले होते. दारू पेटली की स्प्रिंगा सुटायच्या आणि डॉलर हवेत उडायचे.

आता एक शास्त्राचा प्रश्न. यंत्र ठरलेल्या वेळी आपले आपण कसे मोडेल? पालकांनी इथे थोडे थांबून मुलांना विचार करू द्यावा.

क्लूव्हर आणि त्याच्या सहकाऱ्याने यासाठी आठ विद्युतमंडले बसवली. ती एकामागून एक सुरू व्हायची. एकाने मोटर सुरू होई, दुसऱ्याने धूर निघे, तिसऱ्याने एखादी छोटी गाडी मोठ्या यंत्रातून बाहेर पडे. सांगाड्याचे काही सांधे 'वुड्स मेटल' नावाच्या मिश्रधातूने जोडले होते. चहाचे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे तुम्हांला ठाऊक आहे. हा धातू तर साधारण ७० अंशांनाच वितळतो! सांध्याजवळ रेझिस्टर लावले होते. त्यातून वीज गेली की टोस्टरच्या तारांसारखे ते तापतात. ते तापले की सांधा वितळतो आणि त्यावर टेकलेला भाग खाली येतो. (या धातूत शिसे आणि कॅडमियम असते. दोन्ही विषारी आहेत, म्हणून हा प्रयोग घरी करायचा नाही.)

१७ मार्च १९६० च्या संध्याकाळी पाहुणे बागेत जमले. थंडी होती, पायाखाली वितळलेल्या बर्फाचा चिखल होता. यंत्र सुरू झाले, आणि ठरवल्याप्रमाणे फारच थोडे घडले. पियानोचे मोजकेच सूर वाजले. चित्र काढणाऱ्या यंत्राचा पट्टा उलटा बसला होता, म्हणून कागद बाहेर येण्याऐवजी उलटा गुंडाळला गेला. एका गाडीने बागेतल्या तळ्यात उडी घ्यायची होती, पण तिची मोटर कमी पडली. दुसरी गाडी जळत जळत प्रेक्षकांच्या दिशेने निघाली. पैसे उधळणारे यंत्र मात्र झटक्यात उडाले. आणि पियानो चांगलाच पेटला. शेवटी अग्निशामक दलाच्या माणसाने आग विझवली, तेव्हा लोकांनी त्याचीच हुर्यो उडवली. मग जाताना यंत्राचे तुकडे आठवण म्हणून घरी नेले.

वस्तू संपली. मग आज, इतक्या वर्षांनी, आम्ही तुम्हांला हे सगळे कशाच्या आधारावर सांगतो आहोत? दप्तराच्या!

या दप्तरात काय काय आहे ते पाहा. टँगलीची यंत्राची रेखाटने आहेत. डेव्हिड गार या छायाचित्रकाराने काढलेली छायाचित्रे आहेत. रॉबर्ट ब्रीअर आणि डी. ए. पेनेबेकर यांनी काढलेले दोन लघुपट आहेत. यंत्राचा एक तुकडा त्याच न्यू यॉर्कच्या संग्रहालयात आहे, आणि राउशेनबर्गचे पैसे उधळणारे यंत्र स्टॉकहोमच्या मोडेर्ना म्युसेट या संग्रहालयात. शिवाय क्लूव्हरने लिहून ठेवलेली हकिगत आहे. १९६८ साली न्यू यॉर्कच्या त्याच संग्रहालयात यंत्र या विषयावर मोठे प्रदर्शन भरले, त्याच्या ग्रंथातही ती छापली होती.

आम्हांला या सर्वांत क्लूव्हरची हकिगत मोलाची वाटते. याचे कारण सांगतो. अग्निशामक दलाने येऊन मध्येच खेळ थांबवला, असे संग्रहालयाच्या माहितीवरून वाटते. क्लूव्हर मात्र लिहितो की पियानोजवळ ठेवलेले आग विझवायचे नळकांडे उष्णतेने फुटेल अशी भीती टँगलीलाच वाटली, आणि आग विझवा असे त्यानेच सांगितले. म्हणजे ज्याची लोकांनी हुर्यो उडवली, तो माणूस कलावंताच्या सांगण्यावरूनच पुढे आला होता! ही हकिगत लिहिली गेली नसती, तर खेळ बिघडवल्याचा ठपका त्याच्यावर कायमचा राहिला असता.

दुसरे असे की क्लूव्हरने फजितीही लिहून ठेवली. उलटा पट्टा, कमी पडलेली मोटर, सगळे जसेच्या तसे. स्वतःच्या कामातल्या चुका लिहायला आपण सगळेच कचरतो. पण छायाचित्रात ज्वाळा दिसतात, उलटा पट्टा दिसत नाही. तो कळण्यासाठी तिथे असलेल्या माणसाने प्रामाणिकपणे लिहावेच लागते.

या कागदपत्रांचा उपयोग पुढे खरोखर झाला. मायकेल लँडी या ब्रिटिश कलावंताने विद्यार्थी असताना, १९८२ साली, लंडनच्या टेट गॅलरीत टँगलीची यंत्रे पाहिली होती. जळालेले यंत्र पुन्हा उभारावे अशी त्याला ओढ लागली. त्याने लघुपट आणि छायाचित्रे बारकाईने पाहून त्या यंत्राची कितीतरी चित्रे काढली. २००९ साली टेट लिव्हरपूलमध्ये टँगली आणि लँडी या दोघांचे एकत्र प्रदर्शन भरले. क्लूव्हर आणि राउशेनबर्ग यांनीही १९६६ साली आणखी दोघांना घेऊन कलावंत आणि इंजिनीयर यांना एकत्र आणणारी संस्था काढली. त्या मैत्रीची सुरुवात याच बागेतली.

काही पालक विचारतील, इतक्या कष्टाने केलेली वस्तू जाळायची कशाला? पण आपणही गणपतीची सुंदर मूर्ती पाण्यात सोडतोच. मूर्ती घडवणारे हात मात्र पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले, म्हणून पुढच्या वर्षी नवी मूर्ती येते. या यंत्राच्या मागे तसे हात नव्हते. मागे उरले ते दप्तरच.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. आपल्या वर्गाच्या खोक्यात एका जुन्या नाटुकल्याची छायाचित्रे आहेत. मुले छान सजली आहेत, मागे पुठ्ठ्याचा किल्ला उभा आहे. पण मागच्या बाजूला ना तारीख, ना नावे. किल्ला कोणी रंगवला, कपडे कोणी शिवले, हे आम्हांला कितीही आठवले तरी सांगता येत नाही. किल्ला केव्हाच कचऱ्यात गेला आणि त्यामागच्या हातांची नावेही गेली.

म्हणून मुलांनो, पुढच्या रविवारी वर्गाला येताना घरातले एक छायाचित्र आणा. त्यामागे पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख, गाव आणि प्रत्येकाचे नाव लिहा. छायाचित्र ज्याने काढले त्याचेही नाव विसरू नका. नावे आठवत नसतील तर आजीला फोन करून विचारा. आणि त्या दिवशी काही फसले असेल, करंजी तेलात फुटली असेल किंवा कोणी संवाद विसरले असेल, तर तेही चार ओळींत मराठीत लिहा. खोके आम्ही आणून ठेवतो. त्यावर नाव घालायचे आहे 'दप्तर'. सुंदर अक्षरात कोण लिहील?