गोष्ट पद्यात का सांगितली?

परवा सौंदडला एम.ए. झालेल्या एका मुलीनं विचारलं, "दादा, आंतरजातीय प्रेमावर सिनॉप्सिस लिहायचीय. एखादी काव्यकथा घेते. कथानक सांगितलं की झालं ना?"

नाही झालं. कथानक गद्यातही सांगता येतं. संशोधनाचा प्रश्न असा: ही गोष्ट पद्यात का सांगितली?

पुश्किनची 'यवगेनी अनेगिन' (पूर्ण आवृत्ती १८३३) घ्या. जवळजवळ सगळी कादंबरी चौदा ओळींच्या ठरावीक कडव्यांत आहे. पण खेड्यातली तात्याना शहरी अनेगिनला प्रेमपत्र लिहिते, ते पत्र या साच्याबाहेर जातं. मुलीनं रीत मोडली, तिथेच कडव्याची चौकटही मोडली. कथेचा सारांश लिहिताना हा पुरावा गळून जातो.

आपल्याकडे माधव जूलियनांचं 'विरहतरंग' (१९२६) हे खंडकाव्य असंच वाचून बघा. 'छंदोरचना' लिहिणाऱ्या कवीनं वृत्त उगाच निवडलं नसणार. वहीत तीन रकाने करा: बोलतंय कोण, वृत्त बदलतं का, तिच्या वाट्याला ओळी किती.

समाज जिला बोलू देत नाही, तिला कवीनं तरी बोलू दिलं का? इथून तुमची सिनॉप्सिस सुरू होते.