ताटाची डावी बाजू आणि उसाचा वरंबा



या पानावर मी नेहमी बेणे, सरी, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आज मात्र जेवणाच्या ताटाविषयी लिहिणार आहे. "ऊस विकासवाल्या साहेबांचा कोशिंबिरीशी काय संबंध?" असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या फडातूनच जातो.

मागच्या लागण हंगामात ऊस नोंदीच्या कामाने भीमाकाठच्या एका वस्तीवर गेलो होतो. दुपार टळून गेली होती. घरच्या आजी म्हणाल्या, "साहेब, तसंच नका जाऊ. दोन घास खाऊन जावा." बाजरीची गरम भाकरी, डाळीची आमटी, आणि ताटात डाव्या हाताला मीठ व कांद्याची फोड. जेवण चवीचे होते, त्यात वाद नाही. आजीच ओशाळून म्हणाल्या, "आज बाजारला कुणी गेलं नाही, नाहीतर कोथमीर तरी असती." उंबऱ्याबाहेर चार एकर ऊस उभा होता, विहिरीला पाणी होते आणि दावणीला दोन गाई होत्या.

त्याच घरातली सून सात महिन्यांची गरोदर होती. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. गरोदरपणात ते ११ च्या खाली असले म्हणजे रक्त कमी आहे असे धरतात. गोळ्या सुरू झाल्या होत्या, आणि आशाताईंनी रोज पालेभाजी व लिंबू खायला सांगितले होते. बारमाही पाण्याच्या रानात मेथीची एक जुडी नव्हती! परतताना गाडीवर माझ्या डोक्यात तेच घोळत होते.

हे काही एकाच घरापुरते नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. त्याला कारणे अनेक आहेत, पण ताट हे त्यातले मोठे कारण आहे.

डावी बाजू रिकामी का झाली?

आपल्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे वस्ती करून राहिलेले शेतकरी जव पिकवीत होते. शिवाय मसूर, वाटाणा, हुलगा अशी कडधान्येही घेत होते. म्हणजे या मातीत मिश्र पिकाची आणि मिश्र जेवणाची रीत फार जुनी आहे.

आपल्या वाडवडिलांच्या जिरायत रानातही बाजरीत मूग, मटकी, हुलगा असायचा. पाण्याच्या पाटाकडेला कोथिंबीर, मुळा, लसूण आपोआप निघायचा. पाथरी, घोळ, तांदुळजा तर कोणी पेरतही नव्हते. खुरपायला गेलेल्या बाया ओटी भरून आणायच्या. पाथरीची पाने धुऊन कच्चीच, दाण्याच्या कुटाबरोबर भाकरीशी खायची.

पुढे घोडचे कालवे आले, चासकमानचे पाणी आले, दौंडकडे मुठा कालव्याचे पाणी फिरले. उसाने घर उभे केले, मुलांची शिक्षणे झाली, लग्ने झाली. हे मी नाकारीत नाही. माझी भाकरीही उसावरच आहे. पण बांधापासून बांधापर्यंत एकच पीक झाले. खुरप्याची जागा तणनाशकाने घेतली आणि पाथरी-तांदुळजा तण म्हणून गेले. दूध निघाले की किटलीतून थेट डेअरीला. घरात पैसा आला, पण ताटाची डावी बाजू बाजारावर अवलंबून राहिली. बाजार आठवड्यातून एकदा, आणि कोथिंबीर महागली की पहिली काट तिथेच बसते.

तोंडी लावणे म्हणजे चैन नव्हे

आपल्याकडे चटणी-कोशिंबिरीला तोंडी लावणे म्हणतात, म्हणून ती असली काय नि नसली काय असे वाटते. वास्तविक बाजरीत लोह चांगले असते. पण धान्यातले आणि पालेभाजीतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्याच जेवणात लिंबू, कच्ची कोथिंबीर, टोमॅटो, पेरू असे क जीवनसत्त्वाचे काही असले, तर ते लोह जास्त अंगी लागते. हे जीवनसत्त्व शिजवण्यात बरेच नष्ट होते, म्हणून ताटात थोडे कच्चे हवे आणि लिंबू भाजी उतरवल्यावर पिळावे. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा लोह अडवतो. चहा तास-दीड तासाने घ्यावा. लोहाची गोळीही चहाबरोबर घेऊ नये.

जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत असे सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. सहा माणसांच्या घराला हे रोजचे जवळजवळ अडीच किलो झाले. एवढे विकत आणणे कोणाला परवडेल? पण पिकवायला फार जागा लागत नाही.

एक गुंठा घरासाठी

पूर्वहंगामी लागणीत (ऑक्टोबर-नोव्हेंबर) हे सगळ्यात सोपे जाते, कारण थंडी भाज्यांना मानवते. सुरू लागणीतही करता येते. लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत साधारण चार महिने वरंबा मोकळाच असतो. आपण त्यावर पाणी देतो, खत देतो आणि तण काढतो. त्याऐवजी घराजवळचा, विहिरीलगतचा फक्त एक गुंठा मोजून घ्यावा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. पाच फुटी सरी असेल तर त्यात सहा वरंबे बसतात. एकेका वरंब्यावर असे घ्यावे:

१) मेथी. ३० ते ३५ दिवसांत काढणीला येते.
२) कोथिंबीर. धणे रगडून दोन फाकळ्या करून पेरावेत. ४० ते ४५ दिवस.
३) मुळा. ४५ ते ५० दिवस. पाला त्याआधीपासून खुडता येतो.
४) पालक किंवा तांदुळजा. महिन्याने पहिली कापणी, पुढे पुन्हा फुटवा.
५) कांदा. आधी पात, राहिलेल्याचे कांदे.
६) अर्धा बीट, अर्धे गाजर. अडीच ते तीन महिने.

मेथी-कोथिंबिरीचा वरंबा एकदम पेरू नये. तीन तुकडे करून दहा-बारा दिवसांच्या अंतराने पेरावा, म्हणजे जुडी कायम हाताशी राहते. काकडी, दोडका, भोपळा हे वेल वरंब्यावर लावू नयेत. ते उसाच्या कोंबावर चढतात आणि उसाची वाढ मारतात. त्यांची जागा बांधावर. खोडव्यात सरीत पाचट असते, तिथेही बांधाचाच उपयोग करावा. विहिरीच्या कडेला एक लिंबाचे झाड आणि एक शेवगा लावला की पुढची कैक वर्षे चिंता नाही.

आंतरपिकाने ऊस मार खातो ही शंका रास्त आहे. पीक लांबले आणि बांधणी उशिरा झाली तर खातोच. म्हणून मोठ्या बांधणीआधी वरंबा रिकामा झालाच पाहिजे. भाजीला लागणारे शेणखत वेगळे टाकावे, उसाच्या वाट्याचे तिला देऊ नये.

करायला सोपे पाच प्रकार (सहा माणसांसाठी)

_मेथीचा घोळाणा._ कोवळ्या मेथीची एक जुडी निवडून, धुऊन, निथळून बारीक चिरावी. एक कांदा, चार चमचे दाण्याचे कूट, तिखट, मीठ, एक चमचा कच्चे तेल आणि अर्धे लिंबू घालून हाताने घोळावे. मीठ वाढतेवेळी घालावे, नाहीतर पाणी सुटते. कांद्याच्या पातीचा घोळाणाही असाच होतो.

_मुळ्याची कोशिंबीर._ वाटीभर मूगडाळ दोन तास भिजवावी. दोन मुळे किसून त्यात डाळ, वाटीभर दही, मीठ घालावे. वरून मोहरी, हिंग, हिरवी मिरचीची फोडणी. मुळ्याचे पाणी पिळून टाकू नये आणि पालाही फेकू नये, त्याची कोरडी भाजी करावी.

_मोडाचे मूग._ दोन वाट्या मूग रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधावेत. मोड आले की पाच मिनिटे वाफवून त्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, मीठ, लिंबू. मोड आल्याने कडधान्यातले लोह अधिक लागू पडते. शाळेतून आलेली पोरे हे वाटीभर खातात. दुकानातल्या पुड्यापेक्षा हे बरे.

_बीट-गाजराची कोशिंबीर._ बीट वाफवून, गाजर कच्चे, दोन्ही किसावे. दही, कूट, मीठ, चिमूटभर साखर. साखर मात्र चिमूटभरच. आपला कारखाना तेवढ्यावर चालत नाही!

_कारळ्याची चटणी._ वाटीभर कारळे मंद आचेवर खमंग भाजून लसूण, सुकी मिरची, मीठ घालून कुटावे. ही पंधरा दिवस टिकते. पाण्याची पाळी असली की रात्री फडावर न्यायच्या भाकरीबरोबर हीच बरी. जवसाची चटणी याच पद्धतीने करावी.

दही-ताकासाठी रोज एक लिटर दूध घरी ठेवावे. डेअरीच्या बिलात तेवढी तूट दिसेल, पण ती तूट नव्हे.

दोन गोष्टींत हयगय नको

पहिली, औषधांची. लागणीनंतर आपण ॲट्राझीन किंवा मेट्रीब्युझीन मारतो, पुढे टू-फोर-डी मारतो. घरचा गुंठा यातून पूर्ण वगळावा. टू-फोर-डीने रुंद पानाची भाजी जळते, वाऱ्याने उडालेला फवाराही पुरतो. हुमणीसाठी सरीत टाकायचे दाणेदार कीटकनाशकही या गुंठ्यात टाकू नये. तसेच तणनाशक मारलेल्या फडातली पाथरी, घोळ, तांदुळजा आता कितीही हिरवागार दिसला तरी खाऊ नये. जुन्या माणसांना हे आवर्जून सांगावे, कारण त्यांचा हात सवयीने तिकडे जातो.

दुसरी, पाण्याची. दौंडकडच्या सभासदांनी विशेष लक्ष द्यावे. मुळा-मुठेच्या पाण्यात पुणे शहराचे सांडपाणी येते. बेबी कालव्यातही मुंढव्याहून शहराचे वापरलेले पाणी प्रक्रिया करून सोडले जाते. उसाला ते चालते, कारण ऊस गाळून, उकळून त्याची साखर होते. घोळाणा आपण कच्चा खातो. म्हणून कच्च्या खाण्याच्या भाजीला स्वच्छ विहिरीचेच पाणी द्यावे. तशी सोय नसेल तर भाजी शिजवूनच खावी आणि वरून लिंबू पिळावे. भाजी कोणतीही असो, मुळे छाटून तीन पाण्यांनी धुवावी. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्या बाबतीत शंका असेल तर कच्चे देऊच नये.

शेवटी थोडे पुरुष सभासदांना

हे वाचून कोणी घरी जाऊन "उद्यापासून दोन कोशिंबिरी पाहिजेत" असा हुकूम सोडील, तर माझा लेख फुकट गेला. धारा, गोठा, स्वयंपाक, खुरपणी यांत घरच्या बाईला उसंत नसते. वरंबा पेरणे, पाणी देणे आणि रानातून येताना जुडी उपटून, धुऊन, निवडून आणणे हे आपले काम. आणि ताटे वाढताना सुनेच्या ताटात घोळाणा उरतो का, हेही पाहावे. आपल्याकडे शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला बहुधा पातेल्याचा तळच येतो.

त्या वस्तीवर परवा पुन्हा जाणे झाले. सून सुखरूप बाळंत झाली आहे. दवाखान्याच्या गोळ्या तिने नेमाने घेतल्या, मुख्य काम त्यांनी केले. पण विहिरीलगत सहा वरंबे दिसले, त्यातली मेथी दुसऱ्या पेराची होती. आजींनी पुन्हा बसवून घेतले. ताटात डाव्या हाताला मुळ्याची कोशिंबीर होती. म्हणाल्या, "आज बाजारला कुणी गेलं नाही, तरी चालतंय."

यंदाच्या लागणीची नोंद देताना आपल्या गटाच्या चिटबॉयला घरचा गुंठा कुठे ठेवला आहे तेही दाखवा. वरंबे आखायला अडचण आली तर शेतकी ऑफिसात या, मी स्वतः येऊन दोरी धरीन.

आपला,
ऊस विकास अधिकारी