पाडावे की राखावे?

क्रीडामंडळाची जुनी वास्तू गळू लागली की ‘पाडून नवी बांधा’ ही सूचना लगेच येते. ब्राझीलमधील साओ पाउलो शहरात मात्र अशा प्रसंगी वेगळा विचार झाला.

तेथील पोम्पेया भागातील पिंपांचा एक जुना कारखाना ‘सेस्क’ या सामाजिक संस्थेने विकत घेतला होता. नव्या क्रीडा व सांस्कृतिक केंद्रासाठी वास्तुविशारद लीना बो बार्दी पाहणी करण्यास गेल्या, तेव्हा फुटक्या छपरातून पाऊस आत येत होता आणि त्याच पाण्यात मुले फुटबॉल खेळत होती. आसपासच्या कुटुंबांनी ती जागा आधीच आपलीशी केली होती. शिवाय कारखान्याचा काँक्रीटचा सांगाडा राखण्याजोगा होता. बार्दींनी तो राखला. १९८२ साली तेथे वाचनालय, नाट्यगृह व कार्यशाळा सुरू झाल्या.

खेळांसाठी जागा उरली ती अडचणीची. तिच्या मधून बंदिस्त केलेला ओढा जात होता व त्यावर बांधकामास मनाई होती. म्हणून ओढ्याच्या दोन बाजूंना दोन मनोरे उभारले. एकात पोहण्याचा तलाव व मैदाने, दुसऱ्यात जिने व कपडे बदलण्याच्या खोल्या. दोन्ही जोडणारे पूल ओढ्यावरून अधांतरी जातात. १९८६ साली हा भाग पूर्ण झाला.

हे पूल पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे आहेत. काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. पूल भाराने वाकला की त्याची खालची बाजू ताणली जाते. म्हणून आतील पोलादी तारा ताणून काँक्रीट आधीच दाबून ठेवतात. वर्गात हे सहज दाखवता येईल. सात-आठ पुस्तके उभी, एकमेकांना चिकटून ठेवा. दोन्ही टोकांना तळहातांनी घट्ट दाबून रांग उचला. मधल्या पुस्तकांना खालून आधार नसतो, तरी ती पडत नाहीत. दाब सैल करताच कोसळतात.

मैदानांच्या भिंतींत काचेच्या खिडक्यांऐवजी वेडीवाकडी भोके आहेत, त्यांवर सरकत्या लाकडी जाळ्या. वाऱ्याकडील बाजूस हवेचा दाब जास्त, विरुद्ध बाजूस कमी. त्यामुळे हवा आरपार वाहते. वातानुकूलन यंत्र लागत नाही.

आपल्या गावातील तालमीचे वा शाळेच्या जुन्या सभागृहाचे विद्यार्थ्यांकडून असेच निरीक्षण करवून घ्यावे. लोक कोठे बसतात? वारा कोठून येतो? कोणती भिंत अजून भक्कम आहे? पाडण्याचा निर्णय ही उत्तरे मिळाल्यावर घेता येईल.